टीव्ही जुनाच राहू द्या

तापकीर गल्लीत एक वाक्य मी आयुष्यात दोनदा ऐकलंय. पहिल्यांदा २०१८ च्या रमजानमध्ये आणि दुसऱ्यांदा गेल्या महिन्यात. दुकानं वेगळी, विकणारी माणसं वेगळी, मधे इतकी वर्षं गेलेली, पण वाक्य शब्दाशब्दानं तेच होतं. "घरी फोर-के टीव्ही आहे का? नसेल तर प्रो घेऊन काही फायदा नाही."

प्रो म्हणजे प्लेस्टेशन फोर प्रो. ज्यांना खेळांच्या यंत्रांशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की टीव्हीला जोडून खेळायचे जे कन्सोल असतात, त्यातल्या एका जुन्या कन्सोलची ही तगडी आवृत्ती. आणि वरचं वाक्य अर्धवट आहे. त्या अर्ध्या वाक्यापायी माझ्या बहिणीच्या घरात एक नको असलेलं कर्ज येता येता राहिलं, म्हणून हा लेख.

या ब्लॉगवर मी शक्यतो शिक्षण, वक्फ, वस्त्या, भाषा असल्या विषयांवर लिहितो. 'आज गेमवर कसे काय?' असं विचारणारे दोन-तीन वाचक मला ठाऊक आहेत. त्यांना सांगायचं ते असं की आमच्या पोरांबद्दल वर्तमानपत्रात जे छापून येतं ते वाचलं, तर ती पोरं एक तर कुठल्या तरी आकडेवारीत असतात नाही तर कुठल्या तरी पंचनाम्यात. संध्याकाळी घरी बसून फुटबॉलचा गेम खेळणारा मुसलमान मुलगा कुणाच्या लेखात येत नाही. तो माझ्या लेखात येऊ द्या.

बुधवार पेठेचंही असंच आहे. नाव घेतलं की पुण्याबाहेरचा माणूस गालातल्या गालात हसतो. मला त्या हसण्याचा कंटाळा आलाय. माझ्यासाठी बुधवार पेठ म्हणजे पासोड्या विठोबाच्या आसपासची गर्दी, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, जूनमध्ये तिथं वह्यांसाठी उडणारी झुंबड, आणि तापकीर गल्लीतल्या वायरी, दिवे, स्पीकर, रिमोट, चार्जर. मी याच भागात अनेक वर्षं डीटीपी करत आलोय. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं. दिवसभर अक्षरांच्या कडा बघायचं काम. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

तर २०१८. भाचा अकरावीत होता. तीन-चार वर्षांची ईदी, दहावीच्या निकालावर मिळालेलं बक्षीस आणि नानीनं गुपचूप हातात ठेवलेल्या नोटा असं सगळं मिळून त्याच्याकडे बऱ्यापैकी रक्कम साठली होती. नवा प्रो तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास होता. कमी पडत होते ते मी घालणार होतो, मामू म्हणून. रोजा सोडून, मगरिबची नमाज करून आम्ही दोघं नाना पेठेतून चालत निघालो. दुकानदारानं ते वर सांगितलेलं वाक्य टाकलं आणि पोराचा चेहरा उतरला. आपाच्या घरी ४३ इंची फुल एचडी टीव्ही. तीनच वर्षांपूर्वी घेतलेला, धडधाकट, नानीच्या मालिकांना आणि दुलाभाईंच्या क्रिकेटला पुरून उरणारा.

घरी आल्यावर विषय निघाला. दुलाभाई तसे हिशेबी, पण मुलाचा चेहरा बघून तेही विरघळले. दुकानदारानं टीव्हीसाठी 'शून्य टक्के व्याजाचे हप्ते' सुचवले होतेच. दुलाभाईंनी आयुष्यात व्याजाचा व्यवहार टाळलेला. घर बांधताना भावांकडून उसने घेतले, वर्षानुवर्षं फेडले, पण बँकेचं कर्ज काढलं नाही. आता शून्य टक्के आहे म्हटल्यावर ते स्वतःलाच समजावू लागले होते की मग हे व्याज कुठे झालं?

इथं थोडं थांबून सांगतो. रिझर्व्ह बँकेनं २०१३ च्या सप्टेंबरमध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. ते व्याज बहुतेकदा प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली ग्राहकाकडून वसूल केलं जातं. म्हणजे दुलाभाईंची शंका खरी होती आणि तिला खुद्द रिझर्व्ह बँकेची साक्ष होती. व्याज न चालणाऱ्या माणसाला फक्त नाव बदलून तेच विकलं जात होतं.

मी त्यांना दोन दिवस थांबायला सांगितलं. कारण त्या वाक्यात मला काहीतरी खटकलं होतं आणि ते माझ्या धंद्यातलं होतं.

आमच्याकडे मुस्लिम लग्नांच्या पत्रिका येतात. वर बिस्मिल्लाह लागते. जुन्या कातिबांनी हातानं लिहिलेले नमुने आम्ही जपून ठेवलेत. हे कातिब पत्रिकेवर जेवढी बिस्मिल्लाह छापायची असते तेवढी कधीच लिहीत नसत. चौपट मोठी लिहीत. मग प्रोसेस कॅमेऱ्यानं लहान करून फिल्म निघे. हाताची थरथर, बोरूचा अडखळलेला काठ, शाईचा फुटलेला कण हे सगळं लहान होताना विरून जाई आणि गोलाई लोण्यासारखी उतरे. पुढे स्कॅनर आले तरी रीत तीच राहिली. मोठ्या रेझोल्यूशनवर स्कॅन करा आणि मग लहान करा. नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्या आठवड्यात ही चूक करतंच. हव्या त्या मापातच स्कॅन करतं आणि मग 'मीम'च्या गोलाईला करवतीचे दाते दिसतात. छापखाना तोच, कागद तोच, शाई तीच. पण जे मोठं करून लहान केलं ते देखणं दिसतं.

कन्सोलच्या जगात याच रीतीला सुपरसॅम्पलिंग म्हणतात.

फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. एकूण २०,७३,६००. फोर-के पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४००. बरोबर चौपट. साधा कन्सोल चित्र तयार करताना प्रत्येक ठिपक्यासाठी एकच प्रश्न विचारतो. इथं काय आहे, छप्पर की आकाश? छप्पर असेल तर पूर्ण ठिपका तपकिरी, आकाश असेल तर पूर्ण निळा. पण छपराची तिरकी कड त्या ठिपक्याच्या मधूनच जात असेल तर? अर्धंमुर्धं उत्तर देण्याची सोय नाही, म्हणून तिरक्या रेषेला पायऱ्या पडतात. आता यंत्रात ताकद असेल तर ते आतल्या आत चौपट ठिपक्यांचं चित्र करू शकतं आणि मग दर चार ठिपक्यांची सरासरी काढून एक ठिपका तुमच्या टीव्हीला देऊ शकतं. चारातले तीन छपराचे आणि एक आकाशाचा असेल, तर तो ठिपका तीन हिस्से तपकिरी, एक हिस्सा निळा. पायरी पुसट होते. कड डोळ्याला सरळ वाटते. टीव्ही मात्र जुनाच. त्याला पत्ताही नसतो की मागे एवढी मेहनत झाली आहे.

म्हणजे फुल एचडी टीव्हीवर प्रोचा फायदा नाही हे म्हणणं म्हणजे 'पत्रिका लहान आहे, मग बिस्मिल्लाह मोठी कशाला लिहिता?' असं कातिबाला विचारण्यासारखं आहे.

मग दुकानदार खोटं बोलत होता का? तसंही नाही, आणि इथं दोष त्याच्या एकट्याचा नाही. प्रो २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा सोनीनं तो फोर-केचा कन्सोल म्हणूनच मिरवला. फुल एचडी टीव्हीवाल्याला काय मिळणार हे ज्यानं त्यानं, म्हणजे गेम बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीनं, आपापल्या मर्जीनं ठरवायचं होतं. काही गेम आतून मोठं चित्र करून लहान करून देत. काही चित्राऐवजी वेग वाढवत. 'राइज ऑफ द टूम रेडर'सारखा एखादा गेम तीन पर्याय समोर ठेवी. फोर-केचं चित्र हवं, फुल एचडीवर जास्त वेग हवा, की फुल एचडीवरच अधिक नटवलेलं चित्र हवं, ते तुम्ही ठरवा. आणि काही गेम असे होते की फोर-के टीव्ही जोडलेला दिसला तरच हातपाय हलवत. फुल एचडी टीव्ही दिसला की जादा ताकद बाजूला ठेवून जुन्या कन्सोलसारखेच वागत. पैसे भरलेत तुम्ही, यंत्र तुमच्या घरात आहे, ताकद त्याच्या अंगात आहे, आणि ती वापरायची नाही, कारण दुसरी वस्तू घेतलेली नाही!

हे सोळा महिने चाललं. २०१८ च्या मार्चमध्ये ५.५० क्रमांकाचं सिस्टिम सॉफ्टवेअर आलं आणि त्यात सेटिंग्जमध्ये, आवाज आणि पडद्याच्या विभागात, व्हिडिओ आउटपुटच्या पानावर एक नवीन ओळ आली, सुपरसॅम्पलिंग मोड. ती चालू केली की कन्सोल गेमला फोर-केसाठीचं मोठं चित्र करायला लावतो आणि फुल एचडी टीव्हीसाठी ते स्वतः लहान करतो. एक पैसा जादा नाही.

म्हणजे आम्ही मामा-भाचे रमजानमध्ये गल्लीत गेलो तेव्हा ही सोय येऊन दोन-अडीच महिने झाले होते. दुकानदाराला ती माहीत नव्हती. त्याला कुणी सांगणार तरी कोण होतं? खोक्यावर फोर-के लिहिलेलं होतं, ते त्यानं वाचून दाखवलं.

ईदच्या आदल्या संध्याकाळी प्रो घरी आला, टीव्ही जुनाच राहिला. भाच्यानं स्वतः ती ओळ शोधून चालू केली. आधी बंद ठेवून, मग चालू करून, असं पाच-सहा वेळा केलं. फुटबॉलच्या मैदानावरच्या चुन्याच्या रेषा आधी कॅमेरा फिरला की मुंग्या चालल्यासारख्या वळवळत. गोलच्या जाळीचं तर पार पिठलं व्हायचं. चालू केल्यावर रेषा शांत झाल्या, जाळी जाळीसारखी दिसू लागली. सगळ्याच गेममध्ये असं झालं नाही. एका जुन्या मोटारींच्या शर्यतीत काडीचा फरक पडला नाही, कारण त्या गेमकडे मोठं चित्र मुळातच नव्हतं. मोड काही हवेतून ठिपके आणत नाही. आणि हेही खरं की बरेच गेम प्रोवर पूर्ण फोर-के करतच नाहीत. कुणी १,४४० ओळींचं चित्र करतो, म्हणजे फुल एचडीच्या पावणेदोन पट ठिपके. कुणी १,८०० ओळींचं, म्हणजे पावणेतीन पट. कुणी बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक ठिपके खरे काढतो आणि उरलेले अंदाजानं भरतो. अशा वेळी चाराची एक अशी स्वच्छ वाटणी होत नाही, तरी चित्र साध्यापेक्षा बरं येतं. कधी उलटंही होतं. मोठं चित्र करताना गेमचा वेग थोडा मंदावतो. ज्याला वेग प्यारा, त्यानं बंद ठेवावं. पर्याय हातात आहे, हे महत्त्वाचं.

आता जो मुद्दा मला खरोखर मांडायचा आहे त्याकडे येतो. लोक म्हणतील, सुपरसॅम्पलिंग ठीक आहे, पण ती गरिबाची सोय. खरं फोर-के ते फोर-केच. दिवाणखाना मोठा असेल, पडदा ६५ इंची असेल आणि तुम्ही त्याच्या जवळ बसत असाल, तर हे बरोबर आहे. पण आपली घरं कशी असतात? ४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर. तिला १,९२० ने भागा. एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील ओळखू शकतो असं धरतात. त्या हिशेबानं साडेपाच फुटांच्या पलीकडे गेलात की फुल एचडीचे ठिपकेसुद्धा सुटे सुटे दिसत नाहीत. आपाच्या घरात टीव्ही समोरच्या भिंतीवर आणि दिवाण अलीकडच्या भिंतीला. मधलं अंतर नऊ फूट. तिथून त्याच मापाच्या फोर-के टीव्हीचे चौपट बारीक ठिपके कुणाला दिसणार होते? नानीला तर चष्मा लावूनही नाही.

यावर माझ्या एका मित्रानं नेमका प्रश्न विचारला. मग नऊ फुटांवरून पायऱ्या तरी कशा दिसत होत्या? दिसत होत्या, कारण पायरी एका ठिपक्याची नसते. जवळजवळ आडव्या रेषेला पडलेली एकेक पायरी वीस-तीस ठिपके लांब असते आणि कॅमेरा हलला की ती सरकते. सरकणारी वस्तू डोळा लगेच पकडतो. म्हणजे आपाच्या घरात चित्राचा जो दोष दिसत होता तो टीव्हीच्या ठिपक्यांचा नव्हता. तो ठिपक्यात काय भरलं याचा होता. नवा टीव्ही आणून ज्या आजारावर इलाज होणार होता तो आजार त्या घरात नव्हताच. आणि जो होता, त्याचा इलाज सेटिंग्जच्या पानावर फुकट पडून होता.

आमच्याकडे इस्राफ हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. गरजेपलीकडचा खर्च, उधळपट्टी. वुजू करताना नळ जोरात सोडला तरी अम्मी हा शब्द वापरायची. जमातीतले एक बुजुर्ग मला म्हणालेही की, अरे, चाळीस हजारांचं खेळणं हाच इस्राफ नाही का? मी त्यांच्याशी वाद घातला नाही. असेलही. पण पोरानं चार वर्षं थांबून, स्वतःचे पैसे साठवून एक वस्तू घेतली. त्याच्या मित्रांनी दर ईदला दोन-दोन महागडे जोडे घेऊन ते पैसे उडवले. मला ते थांबणं मोलाचं वाटतं. धडधाकट टीव्ही भिंतीवरून उतरवून कोपऱ्यात ठेवणं आणि त्यासाठी व्याजाला व्याज न म्हणता हप्ते भरणं, इस्राफ मला तिथं दिसतो.

मायक्रोसॉफ्टनं या बाबतीत सुरुवातीपासून जास्त शहाणपणा दाखवला, हे कबूल केलं पाहिजे. त्यांचा एक्सबॉक्स वन एक्स २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आला. तोही फोर-केचाच म्हणून विकला गेला. पण फुल एचडी टीव्ही जोडला की तो मोठं चित्र आपोआप लहान करून देई. कुठे काही शोधायला नको, चालू करायला नको. गेममध्ये जे पर्याय फोर-केवाल्याला, तेच फुल एचडीवाल्यालाही मिळावेत, असं त्यांनी गेम बनवणाऱ्यांना सांगितलं होतं. मला हीच रीत योग्य वाटते. यंत्रानं आपली सगळी ताकद समोर जो पडदा आहे त्याच्या सेवेला लावावी. समोरच्या पडद्याची ऐपत विचारून हात आखडता घेऊ नये.

सोनीनं सोय दिली, पण उशिरा आणि लपवून. आणि हा धडा त्यांनी पुरता गिरवला असंही नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन फाइव्ह आला. आपल्याकडे तो २ फेब्रुवारी २०२१ ला पोचला. फुल एचडी टीव्हीवाल्यांचं काम त्यानं चोख केलं. मोठं चित्र आपोआप लहान होऊन येतं, मोड शोधावा लागत नाही. पण १,४४० ओळींचा मॉनिटर घेतलेली कितीतरी पोरं आहेत, कारण अभ्यासाला आणि कामाला तोच परवडतो. त्यांना या कन्सोलवर आपल्या मॉनिटरचं स्वतःचं माप मिळायला २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत वाट बघावी लागली. एक्सबॉक्सवर ती सोय आधीपासून होती. तेव्हाही सल्ला तोच मिळे. 'फोर-के मॉनिटर घ्या.'

गंमत अशी की सरकारी दरबारात मात्र कन्सोल आणि छोटा टीव्ही एकाच पंगतीला बसले होते. २२ डिसेंबर २०१८ च्या बैठकीत जीएसटी परिषदेनं व्हिडिओ गेम कन्सोल आणि ३२ इंचांपर्यंतचे टीव्ही हे दोन्ही २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणले. मोठे टीव्ही २८ मध्येच राहिले, ते थेट २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत. म्हणजे इतकी वर्षं मोठा टीव्ही घ्या असा सल्ला मानणारा माणूस जादा करही भरत होता. परिषदेच्या डोक्यात सुपरसॅम्पलिंग असेल असं मी म्हणत नाही, पण त्या यादीतली ही शेजारशेजारची जोडी मला आवडली होती.

३२ इंचांवरून आठवलं. गल्लीत जाणाऱ्यांनी एक शब्द नीट वाचावा. 'एचडी रेडी' म्हणजे फुल एचडी नव्हे. त्या टीव्हीत बहुतेकदा १,३६६ गुणिले ७६८ एवढेच ठिपके असतात, फुल एचडीच्या निम्मेच. दुकानात बोलताना दोन्हीला 'एचडी'च म्हणतात. जुना टीव्ही ठेवायचा की बदलायचा हे ठरवण्याआधी त्याच्या पाठीवरची पट्टी किंवा माहितीपुस्तिका बघा. टीव्ही एचडी रेडी असेल तर माझा सल्लाही थोडा बदलेल. पण तेव्हाही एखादा जुना फुल एचडी बघा म्हणेन, हप्त्यावरचा फोर-के नव्हे.

गेल्या महिन्यात मी पुन्हा गल्लीत गेलो तो लेकीसाठी. तिची दहावी झाली. नवा कन्सोल आमच्या आवाक्यात नाही, म्हणून वापरलेला प्रो बघायचं ठरलं. भाचा आता नोकरीला आहे, त्यानंच सांगितलं, मामू, जुने गेम स्वस्तात मिळतात, घेऊन टाका. जिन्याखालचं छोटं दुकान, पंचविशीतला मुलगा. त्यानं मला काका म्हटलं, चहा मागवला आणि मग ते वाक्य म्हटलं.

मी विचारलं, "तुम्ही आलेले कन्सोल तपासता कुठे?"

त्यानं मागं बोट दाखवलं. मांडीवर कुणाचा तरी उघडा कन्सोल घेऊन एक कारागीर बसला होता, आणि त्याच्यासमोर फळीवर एक टीव्ही होता. कडेला टवका गेलेला, पायाच्या जागी लाकडाचा ठोकळा. फुल एचडी.

"मग रोज तुम्ही काय बघता यावर?" लेकीनं विचारलं. माझ्या मनात होतं ते ती बोलून गेली.

मुलगा हसला. मी त्याला सेटिंग्जमधून त्या पानापर्यंत नेलं. वापरलेले किती कन्सोल त्याच्या हातून गेले होते कुणास ठाऊक, पण ती ओळ त्यानं कधी उघडली नव्हती. चालू केली, तपासायला ठेवलेला गेम लावला, कॅमेरा एका कुंपणाच्या तारांवरून हळूहळू फिरवला. मग बंद करून तोच फेरा पुन्हा. कारागिरानं मांडीवरचं काम थांबवून मान वर केली.

"हे खोक्यावर का नाही लिहिलं?" मुलगा म्हणाला.

आम्ही कन्सोल घेतला. त्याबरोबर त्यानं एक केबल फुकट दिली आणि दुकानाच्या वहीत, गिऱ्हाइकांच्या नंबरांखाली, त्या सेटिंगचा रस्ता मराठीत लिहून घेतला. 'सुपरसॅम्पलिंग'चं स्पेलिंग त्यानं लेकीला विचारलं.